बाहेरची खोली

मिरजेकडं आचारी म्हणजे पंगतीचा स्वयंपाक करणारा. इथं मैसुरात आचारी म्हणजे सुतार. लग्न होऊन या घरात आले त्याला तीस वर्षं होत आली, तरी 'उद्या आचारी येणार' असं कुणी म्हटलं की डोळ्यांपुढं आधी पितळी पातेली येतात आणि मागून रंधा. महासाथीच्या दोन-अडीच वर्षांत हा आचारी आमच्याकडं चार वेळा आला. दर वेळी घराला काही जोडून गेला, नाहीतर घरातलं काही काढून. चौथ्या खेपेला त्यानं जे काढलं त्याबद्दल मला लिहायचं आहे; पण त्याआधी घर सांगायला हवं.

घर चामराजपुरमला. आजेसासऱ्यांनी १९३० च्या दशकात बांधलेलं. समोर मंगलोरी कौलांची उतरती पडवी, तिला इथं जगुली म्हणतात. आपल्याकडचा ओटा आणि ओसरी एकत्र केली तर जे होईल ते. दोन्ही अंगांना बसायला कट्टे, त्यांच्यावर लाल कोबा. नव्वद वर्षं माणसं बसून बसून तो आरशासारखा झालेला. जगुलीतून आत मधलं मोठं दालन, त्याच्या पलीकडं स्वयंपाकघर, मग मागची पडवी, तांब्याच्या हंड्याचं न्हाणीघर, परसात केळ, फणस आणि विहीर. पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत. दोन्ही उघडी टाकली की रस्त्यावरून जाणाऱ्याला परसातली केळ दिसते. उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला चामुंडी डोंगराकडून वारा सुटला की तो घरातून आरपार जातो आणि देवघरातली समई मालवतो, म्हणून समईपुढं एक लाकडी पट्टी उभी करून ठेवायची पद्धत होती.

आणि बाहेरची खोली. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ट्रंक बाहेरच्या खोलीत ठेव, आणि मी ती उचलून जगुलीकडं निघाले. मिरजेत बाहेरची खोली म्हणजे पुढची, पाहुण्यांची. इथली बाहेरची खोली घराच्या पार मागं. आठ बाय नऊ फुटांची, मागच्या पडवीला लागून, पण दार घरात न उघडता परसात उघडणारं. एक खिडकी, एक कोनाडा, जमिनीलगत एक दगडी पाट. सासूबाईंनी मला ती दाखवली आणि म्हणाल्या, "ही तुझ्यासाठी नाही. मी बसले तेवढं पुरे झालं." मग माझी ट्रंक आत ठेवून त्यांनी खोलीची अडगळीची खोली केली. पाळीच्या दिवसांत बाई 'बाहेर' असते हे मराठीतही आणि कन्नडातही त्याच शब्दात सांगतात. १९५८ साली सतराव्या वर्षी त्या या घरात आल्या तेव्हापासून महिन्यातले चार दिवस त्यांचं घर एवढंच होतं.

चामराजपुरम, लक्ष्मीपुरम, वोंटिकोप्पल या मैसूरच्या जुन्या वस्त्यांमधून चालताना रस्त्यांची सरळ आखणी, घरांच्या चारी बाजूंनी सोडलेली जागा, मागून जाणारी अरुंद बोळ, हे सगळं डोळ्यांना इतकं सवयीचं होतं की हे रोगानं घडवलं आहे असं कधी मनात येत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला. पुढच्या वर्षी तो पुण्यात होता. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना त्यातच गेल्या. १८९८ च्या ऑगस्टात बंगळूर, आणि पाठोपाठ मैसूर. मैसूर संस्थानानं प्लेग कमिशनर नेमला तो व्ही. पी. माधवराव, कुंभकोणमच्या मराठी घरातले, पुढं संस्थानाचे दिवाण झाले ते. १८९१ च्या खानेसुमारीत मैसूर शहरात चौऱ्याहत्तर हजार माणसं होती, १९०१ साली अडुसष्ट हजार भरली. वाढत्या राजधानीचं शहर दहा वर्षांत आटलं.

त्या वेळच्या डॉक्टरांना वाटत होतं की रोग घाणीतून, ओलीतून, कोंदट हवेतून उठतो. उंदराच्या पिसवेवर पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये कराचीत बोट ठेवलं होतं, पण ते पटायला पुढची सात-आठ वर्षं गेली. तोवर मुंबईत घरांची कौलं उतरवून आत ऊन पाडत होते, पुण्यात सैनिक माजघरात शिरून सामान रस्त्यावर आणत होते. मैसुरात १९०३ साली शहर सुधारणेचा ट्रस्ट बोर्ड झाला. दाट पेठा मोकळ्या करायच्या, रुंद रस्ते पाडायचे, गटारं बांधायची, प्रत्येक घराला वारा आणि ऊन द्यायचं, हे त्याचं काम. कारण चुकीचं होतं. प्लेग वाऱ्यानं येत नव्हता आणि उन्हानं जात नव्हता. पण त्या चुकीच्या कारणापायी या शहराला आरपार वारा वाहणारी घरं मिळाली, आणि १२० वर्षांनी खरोखरच हवेतून पसरणारा रोग आला तेव्हा ती तयार उभी होती.

तयार असायला हवी होती, असं म्हणायला पाहिजे. कारण आम्ही १९९६ साली जगुली काचा लावून बंद केली होती. मुलगा लहान, घरात जागा कमी, रस्त्यावर वाहनांचा धुरळा वाढलेला. गल्लीतल्या सगळ्यांनीच आपापल्या जगुल्या बंद केल्या. आमच्या बैठकीला त्यामुळं दहा फूट लांबी मिळाली. समईपुढची लाकडी पट्टी त्यानंतर कधी लागली नाही.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये नंजनगूडच्या एका औषध कारखान्यातून साथ पसरली आणि मैसूर जिल्हा केंद्र सरकारच्या लाल यादीत गेला. मुलगा आणि सून त्याच सुमारास बंगळुराहून दोन बॅगा आणि दोन लॅपटॉप घेऊन आले. मैसुरात घरोघरी हेच झालं. बंगळुरात नोकरीला गेलेली पिढी आई-बापांच्या घरी परतली, आणि त्या घरांमध्ये तिला बसून काम करायला जागाच नव्हती. मधल्या दालनात दोघं दोन कोपऱ्यांत एकाच वेळी बोलायची, टीव्ही बंद, कुकरची शिट्टी झाली की सून कावरीबावरी. जूनमध्ये आचारी आला तो दालनाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घालायला. दाराजवळ हात धुवायचं बेसिन बसवायलाही प्लंबर त्याच आठवड्यात आला होता.

आचारी मोजमाप घेता घेता बोलत होता. कुवेंपुनगर, विजयनगरकडच्या नव्या घरांतून गेली पंधरा वर्षं तो भिंती काढत आला होता. स्वयंपाकघर आणि बैठक एक करा, जेवणाचं टेबल मध्ये आणा, सगळं मोकळं दिसलं पाहिजे, अशी मागणी. आता तेच लोक फोन करून विचारत होते की ती भिंत परत घालता येईल का. दारं हवीत, आवाज थांबवणारी. घडीची टेबलं हवीत. चपलांचं कपाट बाहेर हवं. दाराच्या मुठी पितळेच्या किंवा तांब्याच्या हव्यात. या शेवटच्या मागणीचं मूळ मला ठाऊक होतं. मार्चमध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रयोग छापून आला होता: हा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि तांब्यावर फक्त चार तास टिकतो. ती बातमी मोबाइलवरून इथवर आली आणि तांब्याचे हंडे मोडीत काढलेली घरं तांब्याच्या मुठी शोधू लागली. आम्हीही दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, कुरिअरचं खोकं तीन दिवस जगुलीच्या कोपऱ्यात ठेवलं. जगुलीच्या काचा मात्र घट्ट लावून ठेवल्या, बाहेरची हवा नको म्हणून. पृष्ठभागांवरून होणारा संसर्ग फार थोडा आणि कोंदलेल्या हवेतून होणारा फार मोठा, हे कळायला आणि कबूल व्हायला वर्ष गेलं. त्या वर्षात देशभर किती बेसिनं बसली असतील आणि किती खिडक्या उघडल्या असतील, हा विचार मला अजून छळतो.

घरात काम करायची खोली ही या शहराला नवी गोष्ट नव्हे. यादवगिरीत आर. के. नारायण यांचं घर आहे, आता ते संग्रहालय आहे. त्यांनी माडीवर लिहिण्यासाठी आठ खिडक्यांची अर्धगोल खोली बांधून घेतली. चामुंडी डोंगर, गावातले घुमट, चरणारी गुरं, आगगाडी, सगळं दिसायचं. इतकं दिसायचं की लिहिणं होईना, आणि शेवटी त्यांनी खिडक्यांना पडदे लावले. मी ती खोली पाहायला सुनेला घेऊन गेले होते. ती खिडकीपाशी पुष्कळ वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पडदा लावायला आधी खिडकी असावी लागते." तिच्या प्लायवूडच्या खोपटाला खिडकी नव्हती.

आचाऱ्याची दुसरी खेप ऑक्टोबरातली. मैसूरच्या घरांमध्ये नवरात्रात बाहुल्या मांडतात. नऊ पायऱ्यांची लाकडी घडवंची असते, सर्वांत वर पट्टद गोंबे, म्हणजे राजा-राणीची लाल लाकडी जोडी. मुलीच्या लग्नात ती माहेरकडून देतात. माझ्या माहेरी हादगा, इथं ही जोडी. माझ्या आईनं ती मैसुरातूनच विकत घेऊन मला दिली होती. तर जूनपासून त्या घडवंचीच्या पायऱ्या मुलानं उभ्यानं काम करायला लावल्या होत्या. पाचव्या पायरीवर लॅपटॉप, सातवीवर दिवा, खालच्या पायऱ्यांवर वायरी. आता बाहुल्यांना जागा हवी. बाहुल्या या वर्षी राहू देत, असं मी म्हणून पाहिलं, तेव्हा सासूबाई काहीही न बोलता कपाटाशी गेल्या आणि जुन्या धोतरांत गुंडाळलेली एकेक बाहुली काढायला लागल्या. त्या वर्षी जंबू सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, राजवाड्याच्या आवाराबाहेर पडलीच नाही. आत तीनशे माणसं आणि पाच हत्ती, बन्निमंटपापर्यंतचा रस्ता रिकामा. रस्त्यावरचा दसरा नाही म्हटल्यावर घरातला दसरा मोडणं त्यांना शक्य नव्हतं. आचाऱ्यानं मुलासाठी भिंतीला बिजागरीची फळी मारून दिली, आणि नऊ दिवस त्याच्या ऑफिसच्या बैठकांत त्याच्या पाठीमागं राजा-राणी, वाण्याचं दुकान मांडून बसलेला शेट्टी आणि त्याची शेट्टीण दिसत राहिली. पुण्याचा एक सहकारी रोज सकाळी आधी बाहुल्या मोजायचा, मग कामाचं बोलायचा. त्या नऊ दिवसांत आमचं घर मला जितकं आवडलं तितकं आधी कधी आवडलं नव्हतं.

२०२१ च्या मे महिन्याबद्दल मला भराभर लिहून पुढं जायचं आहे. शेजारच्या चामराजनगरच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण गेल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात सासूबाईंना ताप भरला. वय ऐंशी. रुग्णालयात खाट मिळण्यासारखी नव्हती, आणि ऑक्सिजनची पातळी ठीक होती म्हणून डॉक्टरांनी घरीच वेगळं ठेवायला सांगितलं. वेगळं म्हणजे कुठं? सगळ्या खोल्या मनातल्या मनात फिरून आलो. घरात एकच खोली अशी होती की जिचं दार घरात उघडत नाही, जिला स्वतंत्र खिडकी आहे, जिच्यापासून न्हाणीघर चार पावलांवर आहे. ते नाव तोंडातून काढायला आमच्यापैकी कुणी धजेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "बाहेरची खोली रिकामी करा."

मुलानं तासाभरात अडगळ काढली, फिनेलनं फरशी पुसली, खाट टाकली. मी दुपारी ताट घेऊन गेले. मास्क, वर प्लास्टिकचा पडदा, हातमोजे. ताट कुठं ठेवायचं हे मला कळेना. टेबल खाटेजवळ होतं आणि तिथवर जायला मनाई होती. त्यांनी आतून बोट दाखवलं. उंबऱ्याच्या आत, भिंतीलगतचा तो दगडी पाट. साठेक वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाई ताट तिथंच ठेवायच्या. मी ठेवलं, दोन पावलं मागं आले, मग त्या उठल्या आणि त्यांनी ते उचललं. जेवण झाल्यावर त्यांनी ताट-वाटी-तांब्या आतल्या नळावर स्वतः घासला, पालथा घातला आणि खिडकीच्या गजांमधून हात बाहेर काढून पायरीवर उन्हात ठेवला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे फार पूर्वी शिकवलं होतं. चौथ्या दिवशी मी खिडकीखाली बसून त्यांच्याशी बोलत होते, तेव्हा म्हणाल्या, "तेव्हा चार दिवस असायचे. आता चौदा." आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र तिथून उठून परसाच्या टोकाला जाऊन उभं राहावं लागलं.

तिथं मागचं दार आहे आणि दारापलीकडं ती बोळ. सुधारणेच्या आखणीत प्रत्येक घराच्या मागून ही बोळ ठेवली होती, आणि कशासाठी ते सासूबाईंनीच मला कधीतरी सांगितलं होतं. घराला जमिनीखालची गटारं जोडण्याआधी संडास परसाच्या टोकाला होता आणि रोज पहाटे एक बाई बोळीतून येऊन टोपली भरून न्यायची. डोक्यावरून. सासूबाईंनी तिचं तोंड कधी पाहिलं नाही. झाकणाचा पत्रा वाजायचा तेवढा ऐकला. कर्नाटकात बी. बसवलिंगप्पा मंत्री असताना १९७० च्या दशकात डोक्यावरून मैला वाहण्याला बंदी आली. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मैसूर पहिलं आलं, त्याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे. ती स्वच्छता याच बोळींमधून रोज वाहून नेली गेली आहे.

टाळेबंदीत सगळं शहर घरात असताना पौरकार्मिक, म्हणजे शहराच्या सफाई कामगार, बायका एक दिवस चुकल्या नाहीत. आमच्या गल्लीतली जी बाई शिट्टी वाजवत येते, तिच्यासाठी मी रोज चहा करायचे आणि पेला जगुलीच्या कट्ट्यावर ठेवून काचेच्या आत उभी राहायचे. ती पिऊन पेला पालथा घालायची. हे अंतर रोगाचं आहे असं मी मनाला सांगायचे, आणि ते खरंही होतं. पण ठेवण्याची, मागं सरण्याची, पालथं घालण्याची ती रीत शंभर वर्षांची होती, ती माझ्या हातांना आयती येत होती. तिथून परसात जाऊन मी ताट ठेवायचे, तेव्हाही तीच.

त्या दिवसांत जुन्या वाड्यांची, तोट्टीमने नावाच्या इथल्या चौसोपी घरांची, चौकांची, ओसऱ्यांची फार आठवण काढली गेली. पूर्वजांना सगळं कसं कळत होतं, बाहेरून आल्यावर पाय धुणं, वेगळी खोली, मागचं दार, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. ते वाचताना मला सासूबाईंचा खिडकीतला हात दिसायचा. पाय धुवायची घंगाळं खरी होती, वारा खरा होता. पण त्या घरांचा नकाशा आखताना वाऱ्याबरोबरच, कुणाला कुठवर येऊ द्यायचं हेही आखलं होतं. मला जगुली परत हवी होती. ती सगळा नकाशा घेऊन यायला नको होती, आणि एक भाग दुसऱ्यापासून कसा सोडवायचा हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सासूबाई बऱ्या झाल्या. पंधराव्या दिवशी न्हाऊन घरात आल्या, आणि जुलैत आचारी तिसऱ्यांदा आला तो त्यांनी बोलावल्यावरून. जगुलीच्या काचा आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी एका दिवसात उतरल्या. बैठक दहा फुटांनी आखडली. प्लायवूडची भिंतही निघाली. सून आता जगुलीत बसते, पावसाची झड आली की बांबूचा पडदा सोडते. रस्त्याचा आवाज येतो, भाजीवाला 'सोप्पू', म्हणजे पालेभाजी, असं ओरडतो तो तिच्या बैठकीत ऐकू जातो, आणि कुणाचं काही बिघडत नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी समई मालवली. सासूबाईंनी माळ्यावरून ती लाकडी पट्टी काढून घेतली.

पौरकार्मिक बाई आता चहा प्यायला कट्ट्यावर बसते. बस म्हटल्यावर पहिल्या दिवशी ती पायरीवरच टेकली होती. पेला घरातल्यांबरोबर घासायला जातो. एवढंच झालं आहे.

चौथी खेप २०२२ च्या पावसाळ्याआधीची. बाहेरच्या खोलीचं दार काढून टाकायचं, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. आचारी म्हणाला, "अम्मा, अस्सल सागवान आहे, पॉलिश करून देतो, शंभर वर्षं जाईल." त्या म्हणाल्या, म्हणूनच काढ. खोली पाडावी असं मुलाला वाटत होतं. त्यांना तसं नको होतं. भिंत फोडून तिला स्वयंपाकघराकडून वाट केली, दगडी पाट उचकटून परसात केळीच्या बुडाशी नेऊन टाकला. आता तिथं धान्याचे डबे आहेत आणि दुपारी सासूबाई खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचतात.

दार जगुलीत आलं. आचाऱ्यानं त्याला चार पाय लावले, रंधा मारला, पण फार नाही. वरच्या कडेला हळदी-कुंकवाचे जुने डाग अजून दिसतात. सुनेचं टेबल झालं आहे ते. कडीकोयंडा काढला त्या जागी लाकडात रुपयाएवढं भोक राहिलं होतं. बुजवू का, असं आचाऱ्यानं विचारलं, तर सून नको म्हणाली. लॅपटॉपची वायर त्यातूनच खाली जाते.